खिडकीतल्या फोटोला हार

नेदरलँड्समध्ये उइटहॉर्नला आमच्या शेजारी एक डच आजी एकट्या राहतात. त्यांच्या खिडकीत खलाशाच्या गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो असतो. ते त्यांचे वडील. महायुद्धात मालवाहू जहाजांच्या ताफ्याला सोबत करणाऱ्या लढाऊ जहाजावर ते होते. पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि जहाज बघता बघता बुडालं. वाचलेला एक खलाशी नंतर घरी येऊन म्हणाला, मी त्याला पोहताना पाहिलं. झालं, आजींची आई त्या एका वाक्यावर जन्मभर वाट बघत बसली. मागच्या दाराला तिने कधी कडी लावली नाही. आजीही लावत नाहीत. मला हा निव्वळ वेडेपणा वाटायचा, पण त्यांना तसं म्हणायची हिंमत नव्हती.

सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा मीच त्यांना हे सांगितलं. सर्वपित्री अमावास्येला त्यांनी बागेतल्या झेंडूचा हार ओवला आणि मला न विचारता आजींच्या मागच्या दाराने आत जाऊन फोटोला घातला. कळल्यावर मी धावत गेले. आजी गोंधळून उभ्या होत्या.

"हार कशासाठी?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात," मी म्हणाले.

त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"आई, हे काय केलंत तुम्ही?" घरी आल्यावर मी सासूबाईंवर चिडले. "त्यांच्या लेखी ते अजून गेलेले नाहीत."

"अगं, शंभरी उलटली असती त्यांची. लेकीने किती वाट बघायची?"

म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी आजींच्या खिडकीचे पडदे बंद होते. इथे दिवसा पडदे कुणी लावत नाही. सासूबाईंनी पिठलं-भात केला आणि डबा माझ्या हातात दिला. मी धास्तावतच आजींकडे गेले. हार फोटोवर तसाच होता.

"ज्या घरातलं माणूस जातं, तिथे शेजारी हे नेऊन देतात," मी सांगितलं.

ओट्याशी उभ्यानेच त्यांनी थोडं खाल्लं. "माझ्या आईला कुणीच काही आणून दिलं नाही," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मलाही आवरलं नाही.

निघाले तेव्हा मागच्या दाराशी त्यांनी माझा हात घट्ट धरला, मग सोडला. मी दोन पावलं गेले असेन, तोच आतून कडी लागल्याचा आवाज आला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.