आईंचं मशीन काढायचंय

आमच्या ताईला गल्लीत सगळे टाचणी म्हणतात. एक तर ती कपडे शिवते, आणि दुसरं म्हणजे बोलली की टोचतेच. मी तिची सख्खी धाकटी बहीण, समोरच्याच दारात राहते, म्हणजे मला किती टोचलं असेल बघा. पण बोलण्यापेक्षा वाईट तिची संशयाची खोड. दूधवाला हसला तर म्हणणार, आज पाणी घातलंय. नाही हसला तरी पाणीच.

नवरा लवकर गेला, तेव्हापासून तिनं पायमशीन चालवून लेकाला वाढवलं. खिडकीपाशी ते काळं मशीन, शेजारी कापडांचे गठ्ठे, गळ्यात टेप. मग गुडघ्यांनी दगा दिला. खुर्चीतून उठताना "आई गं", जिना उतरताना कठडा धरून आडवं आडवं उतरायचं. मशीनवर झाकलेली चादर कित्येक महिने निघाली नव्हती. विचारलं की म्हणायची, "हल्ली कामंच येत नाहीत." खोटारडी! आलेली कामं तीच परत पाठवायची, मी काय आंधळी आहे?

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "गुडघ्यांना नुसता आराम नको, हालचाल हवी. मांड्यांत बळ आलं की गुडघ्यांवरचा भार कमी होतो. फक्त हादरे बसायला नकोत. घरच्या घरी व्यायामाचं एखादं साधन बघा."

ताई दाराबाहेर येताच मला म्हणाली, "हिचं दुकानदाराशी साटंलोटं असणार."

त्यानंतर एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि आल्या आल्या दार लावून घेतलं.

"सूनबाई माझं मशीन काढतेय."

"काय?"

"या कानांनी ऐकलं. फोनवर बहिणीला सांगत होती, 'या महिन्यात आईंचं मशीन काढायचंच, जागा मी करते.' आणि ही बघ टेप. मी नेहमी एकचा आकडा बाहेर ठेवून गुंडाळते, हातात घेतली की मापाला तयार. ही उलटी गुंडाळलीय. तिनं माझा कोपरा मोजलाय."

"अगं, भलतंच काही मोजलं असेल."

"तुझी अक्कल गुडघ्यात!"

"आणि तुझ्या गुडघ्यात काय आहे ते आधी बघ," मी म्हटलं. मी सोडते होय!

पण मलाही धास्ती वाटली. ते मशीन गेलं असतं तर ताई नुसती खिडकीत बसून येणाजाणाऱ्यांवर संशय घेत राहिली असती. त्यात सून स्वभावानं अबोल. लग्न होऊन आल्यापासून तिनं एक साधा कुर्ता ताईकडून शिवून घेतला नव्हता. सगळं तयार आणायची, खांद्यातून उतरलेलं, ढगळ. ताईला ते फार लागायचं. "माझ्या हातचं तिच्या अंगाला चालत नाही," असं म्हणायची. ताईचा संशय मला सर्दीसारखा लागला आणि मीही सुनेवर डोळा ठेवायला लागले.

सुट्टीच्या दिवशी सून आम्हा दोघींना व्यायामाच्या साधनांच्या दुकानात घेऊन गेली. वाटेत ताईनं माझ्या कानात सांगून ठेवलं, "एकही पसंत करायचं नाही. नवीन आलं नाही, तर जुनं हलणार नाही."

"या, या आजी!" विक्रेता पुढे आला.

"कुणाची आजी?" ताई म्हणाली. तो बिचारा तिथंच गारद.

त्यानं आधी चालायचा पट्टा दाखवला. ताई म्हणाली, "का, रस्ते झिजले?" पण तिच्याआधीच सून मान हलवत होती. "नको, पावलागणिक हादरा बसेल." मग जिना चढल्यासारखं करायचं यंत्र. "घरचाच जिना चढवत नाही त्यांना," सून म्हणाली. मग उभी सायकल. "एवढा पाय उचलून पलीकडे कसा टाकतील?" तिलाही काही पसंत पडेना. मला वाटलं, चला, सुटलो.

शेवटी त्यानं कोपऱ्यातली एक बैठी सायकल दाखवली. खुर्चीसारखी सीट, पाठ टेकायला जागा, पायडल पुढच्या बाजूला. ताई नाक मुरडत बसली. पाय ठेवले आणि ते आपोआप फिरायला लागले. कपाळावरची आठी गेली, मी पाहिलं. सून खाली वाकून तिचे गुडघे बघत होती.

"सीट थोडी मागे घ्या," तिनं विक्रेत्याला सांगितलं. "गुडघा फार दुमडतोय. पाय लांब गेल्यावर थोडा वाकलेला राहू दे, अगदी ताठ नको. आणि भार सगळ्यात हलका ठेवा. याहून उंच बैठकीची आहे का? उठताना त्रास नको."

ताई माझ्याकडे झुकली. "बघितलंस? केवढी तयारी करून आलीय. काटा काढावा तर असा."

"कसं वाटतंय, आई?"

"कुरकुरतंय."

"आजी, मशीन नाही, तुमचा गुडघा कुरकुरतोय," विक्रेता म्हणाला. मला हसू आवरेना.

सूनही हसली. "मग ठरलं. आईंचं मशीन आजच काढू."

ताई पायडल सोडून उभी राहिली. गुडघ्यांचं नावसुद्धा घेतलं नाही. "माझं मशीन काढायला मी अजून मेलेली नाही!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला. विक्रेता गोंधळून म्हणाला, "अहो, तुमच्यासाठीच काढतायत ना? रोख काढा, हप्त्यानं काढा..."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, आपण गाडी काढतो, फ्रिज काढतो. नवीन घेतलं तरी काढलं, जुनं घालवलं तरी काढलं! आणि ताईच्या घरात मशीन म्हटलं की एकच.

सुनेलाही कळलं. "तुमचं शिवणाचं मशीन? मी? एवढी वाईट वाटते मी तुम्हाला?"

ताई सायकलच्या सीटवरची नसलेली धूळ झटकायला लागली.

सायकल घेतली आणि घरी आलो. जिन्यात ताईनं मला चिमटा काढला. "मग टेप कशाला घेतली होती? विचार तिला."

विचारायची वेळच आली नाही. सुनेनं तिच्या खोलीचं दार उघडलं. तिचं आरशाचं टेबल, माहेरहून आणलेलं, जागेवर नव्हतं. फरशीवर टेबलाच्या पायांचे डाग तेवढे उरले होते.

"आपण दुकानात होतो तेव्हा बहीण घेऊन गेली," ती म्हणाली. "सायकल तिथं बरोबर मावते, मोजलंय मी."

"आणि माझा कोपरा?" ताईचा आवाज चिरका झाला होता.

"तो कशाला मोजू? तो तर तुम्हाला लागणारच. गुडघे बरे झाले की मलाही शिवून घ्यायचंय तुमच्याकडून. तुम्हाला त्रास नको म्हणून इतके दिवस मागितलं नाही."

मला वाटलं, आता तरी ही बाई "चुकलं" म्हणेल. छे! ताईनं जाऊन मशीनवरची टेप आणली.

"सरळ उभी राहा. खांद्यात केवढं ढगळ! कुणी शिवलंय हे, वैऱ्यानं?"

तिनं खांदा मोजला, हाताची लांबी मोजली. मग टेप डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि माझ्यावरच खेकसली, "बघत काय बसलीस? वाच आकडा, मला दिसत नाहीये."

मी वाचला. माप झालं तशी तिनं टेप सुनेच्या हातात दिली.

"गुंडाळून ठेव," ती म्हणाली, "आणि या वेळी एक बाहेर ठेव."