दादासाठी आलेलं पिठलं

अमेरिकेतले ते दोन मनोरे कोसळले, त्या संध्याकाळी अहमदपुरात आमच्या ओट्यावर पिठल्याच्या पातेल्यांना जागा पुरेना.

माझा दादा तेव्हा नुकताच कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी तिकडं गेला होता. त्याच्या शहराचं नाव आईला जमत नसे, म्हणून ती नुसतं 'अमेरिकेत' म्हणायची. गल्लीनंही मग अमेरिका आमच्या गल्लीएवढीच धरली होती. मनोरा पडला म्हणजे तो दादाच्या डोक्यावरच.

टीव्हीवाले तेच तेच दाखवत होते. मी पाचवीत. मला वाटलं, दर वेळी नवा पडतोय. काय श्रीमंत देश, मनोरे संपेनात. बाबा फोन फिरवत होते, लाइन लागत नव्हती. आई टीव्हीसमोर बसली ती बसलीच.

शेजारची काकू विरजण मागायला आली. थंड शेगडी बघितली आणि विरजण न घेताच माघारी गेली. आमच्याकडं माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणतात. थोड्याच वेळात अख्खी गल्ली डोईवर पदर घेऊन, पातेली झाकून हजर.

"लई गुणाचं लेकरू होतं," काकू म्हणाली. याच लेकरानं चेंडूनं तिची काच फोडली, तेव्हा तिनं आमच्या सात पिढ्या काढल्या होत्या.

"होतं?" आई म्हणाली.

मला भूक लागलेली. मी एक झाकण उचललं. लसणाचा काय वास. आईनं फाडकन हातावर मारलं.

"हात लावायचा न्हाई. अजून फोन लागायचाय."

ते खाल्लं म्हणजे दादा गेला, एवढं मला कळलं.

शेवटी लाइन लागली. बाबांनी फोन आईला दिला. दादा झोपेतून उठला होता. मनोरे त्याच्यापासून विमानानं पाच-सहा तास लांब, आणि त्याच्याकडं टीव्हीच नव्हता.

"रडायलीस कशाला, आई? कोण गेलं?"

"तूच गेलास म्हणं. काकू पिठलं घेऊन आल्यात."

फोन ठेवून आईनं डोळे पुसले, गॅस पेटवला आणि शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

"बसा समदे," ती म्हणाली. "जित्या लेकराचं पिठलं घरात ठेवणार न्हाई मी. ज्यानं आणलं त्यानं संपवायचं. मग शिरा."

गल्ली मुकाट जेवायला बसली. टीव्हीवर मनोरा पुन्हा पडला. काकूचा घास हातातच राहिला.

"त्यांच्या घरी कोण नेत आसंल गं भाकरी?"

आईनं टीव्ही बंद केला आणि तिच्या ताटात पहिला शिरा वाढला.