पंगतीत आलेली हाक

मी डॉक्टर आहे. भुताखेतांच्या गोष्टी आमच्या मालवणात सकाळच्या पेजेबरोबर वाढल्या जातात, त्या ऐकतच मोठा झालो. पण त्यातली एकही मला कधी खरी वाटली नाही. मेडिकलला गेल्यावर तर उरलीसुरली भीतीही संपली – शवविच्छेदनाच्या खोलीतून बाहेर येऊन हात धुवून डबा खाणारी पोरं आम्ही, कशाला घाबरणार? तेव्हा पुढचं ऐकीव नाही. मी तिथे होतो, जीप मीच चालवत होतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. माझी इंटर्नशिप नुकतीच संपली होती आणि मी मालवणात वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, दवाखान्यात बसायला लागलो होतो. दादा जुन्या पठडीतले डॉक्टर. तपासण्या सांगण्यापेक्षा पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसायचे. नवी पुस्तकं वाचून आलेल्या मला ते जरा मागासलेलं वाटायचं... आता लिहायला लाज वाटते, पण वाटायचं.

देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं. आई देवळात कौल लावायला गेली की हे बाहेर वहाणांपाशी उभे. पण पेशंट कपाळाला अंगारा लावून आला तर कधी हसले नाहीत. एकदा मी एका म्हाताऱ्याचा अंगारा पुसायला गेलो, तर म्हणाले, "ऱ्हवांदे रे. औषध पोटात जाता, तो कपाळार ऱ्हवता. दोघांची गाठ पडणा नाय." कॉलेजच्या साडेपाच वर्षांत श्रद्धेबद्दल मला कोणी इतकं नीट शिकवलं नव्हतं.

त्या मे महिन्यात ताईच्या मुलीचं बारसं आमच्याकडे होतं. घरातलं पहिलं नातवंड. ताईचे सासरे कुडाळला शाळामास्तर, अतिशय शिस्तीचे गृहस्थ. ते, विहीणबाई आणि दहाबारा पाहुणे सकाळीच आले होते. आधी जेवणं, मग चार वाजता पाळणा, असं ठरलं होतं.

एकच्या सुमारास पहिली पंगत बसली. दादा मधे, एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला मी. वरणभात कालवता कालवता दादांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे मान वळवली आणि मला विचारलं, "कोण हाक मारता रे?" मी म्हटलं, कोणी नाही. मास्तरांनीही दाराकडे बघितलं. अंगणात खरंच कोणी नव्हतं. दादांनी पुन्हा घास उचलला, पुन्हा थांबले – या वेळी कान देऊन – आणि घास पानात ठेवून उठले.

भरल्या पंगतीतून, व्याह्यांच्या शेजारून, यजमान उठला... ताट वाढणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. आई आतून आली. "खंय चललात?"

"पेंडूराक. परबांकडे बोलावणा इलां."

"कोणाचा?"

"तां माका ठावक नाय," दादा म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मास्तरांची त्यांनी हात जोडून माफी मागितली. मला बॅग घ्यायला सांगितलं, आणि सलाईनच्या दोन बाटल्या. कशाला, विचारलं तर म्हणाले, घे.

पेंडूर म्हणजे चौके, कट्टा ही गावं ओलांडून पुढे. त्या काळच्या रस्त्याने पाऊण तास. सगळ्या वाटेत मी धुमसत होतो. भर उन्हात, बोलावायला माणूस आलेला नाही, गावात फोन नाही, आणि आम्ही बारसं टाकून निघालोय. अखेर न राहवून विचारलं, की नेमकं ऐकलंत तरी काय? ते म्हणाले, बाईचा आवाज होता, ओळखीचा नव्हता, आणि इतकंच म्हणाला – "दाक्तरानू, परबांकडे येवा." दोनदा. दादांच्या जुन्या पेशंटांत परबांचं घर एकच, पेंडूरचं.

"आणि थंय काय नसला तर?" मी विचारलं.

"तर परत येवचा."

परबांच्या अंगणात पोचलो तेव्हा म्हातारी परबीण काजूबिया उन्हात पसरत बसली होती. आम्हाला बघून ती गोंधळलीच. घरात सगळे बरे होते. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत, शिमग्याला येऊन परत गेलेला; घरी ती आणि सून शेवंती, दोघीच. कोणी आजारी नाही, कोणी निरोप पाठवलेला नाही. शेवंती स्वतः बाहेर आली, हसून पाणी दिलं आणि चहा ठेवते म्हणाली. तब्येत कशी विचारल्यावर म्हणाली, "बरी आसंय."

माझे कान तापले. मी घड्याळ दाखवलं, उठूया म्हणून खुणावलं. दादांचा चेहराही उतरला होता. आपलं चुकलं असं त्यांनाही वाटलं असावं. पण चहा नाकारून म्हातारीला वाईट वाटायला नको म्हणून ते पडवीत बसून राहिले.

दहा मिनिटांनी आतून टोप पडल्याचा आवाज आला.

शेवंती चुलीपुढे आडवी पडली होती. पांढरीफटक, घामाने थबथबलेली, नाडी हाताला लागत नव्हती. दादांनी पोटावर हात ठेवला, डोळे मिटले. मग म्हातारीला एकच विचारलं – पाळी कधी चुकली? म्हातारीला माहीत नव्हतं. शेवंतीच पुटपुटली, दीड महिना. गर्भ नळीत राहून नळी फुटली होती. पुस्तकात मी हे चार वेळा वाचलं होतं. समोर पहिल्यांदाच बघत होतो. दादांनी शांतपणे शीर शोधून सलाईन लावलं. शेजारच्या दोघांनी तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. म्हातारी बाटली उंच धरून बसली, आणि मी कुडाळपर्यंत गाडी कशी हाकली ते मला आजही आठवत नाही.

तिथल्या सर्जनने लगेच पोट उघडलं. आत नुसतं रक्त होतं. माझा रक्तगट जुळला, एक बाटली मी दिली. बाहेर येऊन सर्जन म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. परबांकडून मालवणला माणूस धाडून, दादांना गाठून आणायचं तर तीन तास लागले असते.

घरी परतलो तेव्हा आठ वाजत आले होते. मला वाटलं होतं, पाहुणे रागावून निघून गेले असतील. सगळे बसले होते. पाळणा तसाच रिकामा टांगलेला. आईने हळूच सांगितलं की चार वाजता मास्तरांनीच पाळणा थांबवला – आजोबा येईपर्यंत नाव ठेवायचं नाही म्हणाले. दादांनी आंघोळ केली, नात मांडीवर घेतली आणि इतक्या माणसांसमोर रडले. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मी नंतर बरंच शोधलं. शेवंती आधी कधी दवाखान्यात आली असेल, दादांच्या मनात कुठे शंका राहिली असेल... नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने डॉक्टर पाहिला नव्हता. दादा त्या घरी शेवटचे गेले ते म्हाताऱ्या परबाच्या आजारपणात, तिच्या लग्नाआधी. म्हातारीने त्या दिवशी कुठल्या देवाला गाऱ्हाणंही घातलं नव्हतं. घालायचं कारणच नव्हतं. आम्ही मालवणहून निघालो तेव्हा शेवंती विहिरीवर पाणी काढत होती. जे अजून घडलंच नव्हतं, त्यासाठी हाक कोणी मारली?

दादा त्यानंतर दहा वर्षं जगले. पुन्हा तसा आवाज आला नाही म्हणाले. शेवंतीला पुढे दोन मुलं झाली, दोन्ही बाळंतपणं मीच केली.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तीसेक वर्षं प्रॅक्टिस करूनही नाही. पण हल्ली मी आवाजाचा विचार कमी करतो. त्या पंगतीत दादांऐवजी मला हाक आली असती, तर मी काय केलं असतं याचा जास्त करतो. शेजारी व्याही, दारात कोणी नाही, पानात गरम वरणभात. भास झाला म्हणून मी पुढचा घास घेतला असता.