गार्नेटची सोमवारची बाटली

माणसाची खरी पारख मी त्याच्या लघवीवरून करते. हसू नका! एकतीस वर्षं अणुवीज केंद्राच्या प्रयोगशाळेत माझं तेच काम आहे. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. मेला पाण्यासारखा अंगात शिरतो आणि लघवीतून बाहेर पडतो. म्हणून दर सोमवारी सगळ्यांच्या बाटल्या माझ्या टेबलावर येतात.

त्यांत गार्नेट हॉस्किनची बाटली म्हणजे तीर्थ! बावीस वर्षं तो चार नंबरचा ग्लोव्हबॉक्स सांभाळत होता. आम्ही त्याला डबाच म्हणतो. स्टीलचं बंद कपाट, पुढे काच, काचेत खांद्यापर्यंतचे दोन रबरी हातमोजे. बाहेर उभं राहून त्यांत हात घालायचे आणि आतल्या ट्रिटियमच्या नळ्या, झडपा हाताळायच्या. हातमोजा जुना झाला की नवा त्याच्यावरच चढवायचा आणि जुना आतून ओढून घ्यायचा, म्हणजे वायूची झुळूकही सुटत नाही. झोपलेल्या बाळाचं अंगडं बदलावं तसं गार्नेट ते करायचा. आणि मग जेवणाच्या खोलीत बढाया!

"गळती? माझ्या डब्यातून? अरे, तुझ्या तोंडातून जास्त होते!"

मार्चमध्ये त्याच्या बाटलीतला ट्रिटियमचा सोमवारचा आकडा वाढला. पुढच्या सोमवारी आणखी. आमचा साहेब कोल्बी, वयानं गार्नेटच्या निम्मा, म्हणाला, "हॉस्किन, तिसऱ्या सोमवारीही असंच आलं तर डबा बंद आणि तुम्ही स्टोअरमध्ये."

"स्टोअरमध्ये? नटबोल्ट मोजत बसू?" गार्नेटचा चेहरा पांढराफटक पडला. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्यानं दोन्ही हातमोजे बदलले, एकेक सांधा तपासला. कुठं काही नाही.

मी म्हटलं, "अरे, शुक्रवारी मी मुद्दाम घेतलेल्या बाटलीत आकडा उतरला होता. शनिवार-रविवार तू घरी असतोस. मग सोमवारी तो परत कसा चढतो?"

"म्हणजे ट्रिटियम मी घरी मुरंब्याच्या बरणीत भरून ठेवलंय का, इझोबेल?" त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्या शनिवारी चर्चच्या तळघरात माशांचं जेवण होतं. पाद्र्यांनी चित्रं दाखवायला दिवे घालवले आणि माझ्या समोर, रूबार्बच्या गोड पेस्ट्रीशेजारी, हिरवं काहीतरी चमकलं. गार्नेटचं मनगट!

"हे काय?"

"घड्याळ. फौजी आहे. नुकतंच साठाव्या वाढदिवसाला बायकोनं, व्हर्नानं दिलं, गॅरेज सेलमधलं, कुणाचं तरी जुनं. कामावर घड्याळ घालता येत नाही, म्हणून सुट्टीला घालतो."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! मेल्या, त्या काट्यांचा रंग ट्रिटियमचा आहे!"

रविवारी मी ते बरणीत घालून तपासलं. जुनं प्लास्टिक, त्यातून झिरपत होतं. कुणाला अपाय होण्याइतकं नव्हे, पण आकडा चढायला पुरेसं.

गार्नेटनं फक्त हात जोडायचे बाकी ठेवले होते. "कारण अज्ञात म्हणून लिही ना. तिनं हौसेनं घेतलंय गं."

"मग जा स्टोअरमध्ये!"

तो "जातो," म्हणाला.

मला असा राग आला! आणि खरं सांगते, रडूही आलं. ज्या डब्यावर जीव टाकला, तो हा बाबा बायकोचं मन मोडू नये म्हणून सोडायला निघाला होता. मी सरळ व्हर्नाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. घरच्यांचीही तपासणी करावी लागते, तेव्हा बाटली घेऊन प्रयोगशाळेत ये, म्हटलं.

तिचा आकडा गार्नेटच्या तिप्पट आला.

"तुझ्या अंगात एवढं आलं कुठून?" गार्नेट ओरडलाच.

व्हर्ना लाजून लाल झाली. "सोमवार ते शुक्रवार ते मीच घालते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आठवडाभर तुझे हात त्या डब्यात. घरी आलास तरी गप्पा डब्याच्याच. म्हटलं, घड्याळ तरी आपल्या वाट्याला येऊ दे."

मी अहवाल लिहिला, अगदी खरा. कोल्बीनं माफी मागितली, डबा गार्नेटचाच राहिला. आणि त्याच दुपारी या माणसानं तीन आठवड्यांची रजा टाकली, बावीस वर्षांत पहिल्यांदा! व्हर्नाची आणखी एक बाटली फेरतपासणीला माझ्याकडे देऊन दोघं सरोवराकाठच्या झोपडीवर गेली.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तो काय विचारणार, मला ठाऊकच होतं.

"ठीक आहे रे बाबा तुझा डबा," मी आधीच सांगून टाकलं.

"डबा गेला खड्ड्यात," गार्नेट म्हणाला. "व्हर्नाचा आकडा किती आला ते सांग."