विठ्ठलरावांचा अबोला

विठ्ठलराव मेस्त्रींनी मुलावर कधी हात उगारला नाही. हे ते स्वतःच चारचौघांत सांगत. "आमच्याकडे मारझोड नाही. आपण बोलणं बंद करायचं, की झालं."

डोंबिवलीतल्या एका केमिकल कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर दुपारचे दोन तास ते वाचनालयात देऊ लागले. परत आलेल्या पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायचं काम त्यांनी मागूनच घेतलं होतं. सगळ्यात जास्त खुणा पालकांसाठीच्या पुस्तकांत असत. एका बाईनं तर 'हे ह्यांना दाखवणे' असं समासात लिहून ठेवलेलं.

"काका, कादंबऱ्या कशा गुमान परत येतात," काउंटरवरच्या शकूताई म्हणायच्या, "ही पुस्तकं मात्र घरात भांडून आल्यासारखी!"

त्या शुक्रवारी असंच एक पुस्तक त्यांच्या हातात होतं. 'मुलाशी बोलणं तोडणं हीसुद्धा मारच असते,' या वाक्याखाली रेघ होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नववी. गणपती ते दिवाळी. रोज दारातून "बाबा, येतो" म्हणायचो.'

खोडरबर तसाच हातात राहिला. हे अक्षर ते विसरणं शक्य नव्हतं. याच हातानं नववीच्या प्रगतिपुस्तकावर त्यांची सही हुबेहूब गिरवली होती.

"शकूताई, हे कोणी नेलेलं?"

"तुमच्याच सर्वेशनं की! काल सकाळी देऊन गेला. बोलला नाही वाटतं घरी?"

सर्वेश फारसं बोलतच नसे. त्या वर्षी गणपतीत सही पकडली गेली आणि विठ्ठलरावांनी अबोला धरला. पोरगा सकाळी दप्तर घेऊन दारात थांबे, "बाबा, येतो" म्हणे. हे पेपरचं पान उलटत. मग एका सकाळी दार नुसतंच लागलं. पोरगा वठणीवर आला, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. ते "बाबा, येतो" त्यानंतर बावीस वर्षं त्यांनी ऐकलंच नव्हतं, आणि आता वाचनालयाचं दार उघडलं की तेच ऐकू येतंय असं वाटू लागलं.

खाली आणखी एक ओळ होती. 'आता अक्षू. तिसरा दिवस. पाळणाघर बघायचं का?'

अक्षदा त्यांची नात, पहिलीतली. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याकडेच असे. सोमवारी तिनं डब्यातली भाजी वॉशिंग मशीनमागे टाकली आणि 'खाल्ली' म्हणून सांगितलं. तेव्हापासून विठ्ठलराव तिच्याशी बोलत नव्हते. पहिल्या दिवशी ती तीनदा सॉरी म्हणाली. दुसऱ्या दिवशी एकदा. मग तेही थांबलं. आज शाळेतून आली ती सरळ शेजारच्या काकूंकडे गेली होती.

ते घरी आले, तिला घेऊन आले. "अक्षू, दूध देऊ का गं?"

ती चित्र रंगवत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं रंग बदलला फक्त.

सात वाजता सर्वेश आला. सूनबाई रुचिता मागोमाग. बूट काढता काढता तो म्हणाला, "बाबा, सोमवारपासून अक्षूला पाळणाघरात घालतोय. तुम्हालाही आराम."

"घाल." विठ्ठलराव म्हणाले. "पण एक सांगू? तू दारातून म्हणायचास ना, ते मला ऐकू यायचं. रोज."

सर्वेश बूट हातात धरून उभा राहिला.

"माहितीये, बाबा," तो म्हणाला. "म्हणूनच पाळणाघर."

रुचिता आत गेली. अक्षदाच्या रंगपेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला.

आता रोज साडेपाचला विठ्ठलराव पाळणाघराच्या फाटकाशी उभे असतात. तेवढं त्यांनी मागून घेतलं. परतीच्या वाटेवर ते बोलत असतात, रिक्षांबद्दल, मांजरांबद्दल, काहीही. अक्षदा कधी उत्तर देते, कधी देत नाही. ती गप्प राहिली की ते मागे वळून बघतात, कुणीतरी हाक मारल्यासारखं, आणि पुन्हा बोलू लागतात.