फोटोतल्या सनईवाल्याला वाचता येत होतं

तुम्ही दोन दिवसांपासून फॉरवर्ड करताय तो फोटो माझ्या मालकांचा आहे.

जुन्या मासिकाचं पान. पडक्या भिंतीला टेकून बसलेला, फेटा बांधलेला सनईवाला. खाली ओळ : "विदर्भातील दुर्गम खेड्यातला अनाम कलावंत. अक्षराची ओळख नाही, पण सूर रक्तात."

खूप जणांनी हात जोडलेत. एकानं 'लेजंड' लिहिलंय.

आज त्यांची तिथी. म्हणून लिहिते.

भिंत आमची नव्हती. फेटा शेजाऱ्याचा होता. आमचं गाव मोताळा तालुक्यात, आणि नांदुऱ्याची मोटार तेव्हाही दारावरून जायची.

आणि ते मासिक दर महिन्याला पोस्टानं आमच्याच घरी यायचं. यांच्या नावानं.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही वांगी, मिरची लावायचो. लग्नसराईत हे सनई वाजवायचे. मलकापूरच्या एका लग्नात कोण्या मास्तरांनी यांना त्या संगीताच्या मासिकाचा जुना अंक दिला. हे चौथी शिकलेले. मोटारीत बसल्या बसल्या वाचून काढला.

पहिल्या पानावर संपादक लिहायचे, 'रसिक वाचकहो'.

"आपल्याले रसिक म्हणते वं कोणी!" घरी येऊन मला म्हणाले.

लग्नात वाजंत्र्यांची पंगत सगळ्यात शेवटी. मांडवाबाहेर. त्या माणसाला छापील कागद 'रसिक' म्हणत होता. लगेच वर्गणी पाठवली.

आत मोठमोठ्या गवयांचे फोटो. शाली, तंबोरे, गालिचे. आणि दर अंकात एक राग, स्वरलिपीसह. यांचं बोट त्या ओळींवरून फिरायचं, माझं त्यांच्या मागून.

मला शाळा नाही. मी पहिली अक्षरं शिकले ती सा, रे, ग, म. 'अ' मागून आला.

तीन वर्षं अशी गेली. मग एक दिवस पंचायत समितीच्या जीपमधून मासिकाची माणसं आली. एक लिहिणारे, एक फोटोवाला. लोकसंगीताचा विशेषांक काढायचा होता.

येणार हे आदल्या दिवशी कळलं होतं. यांना वाटलं, वर्गणीदारांच्या वहीत नाव पाहून येताहेत.

"पाह्य, आपल्या वाचणाऱ्याले भेटाले येऊन राह्यले," म्हणाले.

टेरिलीनचा शर्ट घातला. मनगटावर घड्याळ. ओट्यावर सतरंजी टाकून सगळे अंक ओळीनं मांडले.

लिहिणारे अंक पाहून हसले. "अरे वा! इथं हे कोण वाचतं?"

"मीच वाचतो जी."

"छान, छान."

हे भीमपलासी वाजवायला बसले. मासिकातूनच शिकलेला. अख्खं वर्ष घातलं होतं त्यावर.

दोन मिनिटं झाली असतील.

"हे नको हो. असलं आमच्याकडं पुष्कळ आहे. तुमचं अस्सल वाजवा. नवरी सासरी निघते तेव्हा वाजवता ते."

"साहेब, नवरी नाही, मांडव नाही. भर दुपारचं कोणाले रडवू?"

सगळे हसले. मग यांनी ते वाजवलं.

शर्ट काढायला लावला, घड्याळही. अंक फोटोवाल्यानं स्वतः उचलून बाजूला ठेवले. म्हणाला, "फोटोत येतील."

मी दारात उभी होते. वाटलं, शिकलेली माणसं आहेत, त्यांना कळत असेल.

विशेषांक आला तेव्हा ओट्यावर पाच-सहा जण जमले. हे मला म्हणाले, "तू वाच. पाहू दे यांले."

मी वाचू लागले. 'अक्षराची' इथं थांबले.

"काऊन थांबली? वाच नं पुढं."

"पुढचं मले येत नाही," मी म्हणाले.

येत होतं.

यांनी अंक माझ्या हातातून घेतला आणि सगळी ओळ मोठ्यानं वाचली. अडखळले नाहीत.

कोणीतरी म्हणालं, "मंग आत्ता हे वाचलं कोणं बे?"

सगळे हसले. हेही हसले. मला म्हणाले, "फोटो बाकी चांगला आला."

त्यानंतर भीमपलासी घरात कधी ऐकला नाही. वर्गणी पुन्हा पाठवली नाही. लग्नात वाजवायचे, सांगितलं तेवढं. घरी आले की सनई फडक्यात गुंडाळून ठेवायची.

तिसऱ्या वर्षी छातीनं धरलं. आधी सूर तुटायला लागला, मग बोलणं. मग गेले.

तेरवी झाली आणि मासिकाचं पत्र आलं. वर यांचं पूर्ण नाव, गाव, पोस्ट, तालुका. "रसिक वाचक, आपण आमच्या परिवारातले. आपल्यासारख्या जाणकाराची उणीव आम्हाला भासते. कृपया पुन्हा वर्गणीदार व्हावे."

मी जन्मातलं पहिलं कार्ड लिहिलं. 'आमचे मालक वारले. विशेषांकातले सनईवाले तेच. त्यांना वाचता येत होतं. दुरुस्ती छापावी.'

वाट पाहिली. छापली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच पत्र, त्यांच्याच नावानं. त्याच्या पुढच्या वर्षीही.

कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं. कार्डावर मी त्यांचं नावच लिहिलं नव्हतं. गावही नाही. आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नसत. तोंडानं नाही, तसं कागदावरही नाही. कोणाचे मालक वारले, हे त्या ऑफिसात कोणाला कसं कळावं?

मासिकवाल्यांनी नाव गाळलं, त्यांचा राग मी पन्नास वर्षं केला. मीही गाळलं होतं.

मूलबाळ नाही. सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

फोटो पाठवायचा तर पाठवा, माझी ना नाही. खालची ओळ तेवढी खोडा आणि हे लिहा :

तुळशीराम गोविंदा. सनई वाजवायचे. भीमपलासी स्वतः वाचून शिकले.

लग्नातला उखाणा सोडला तर आज पहिल्यांदा घेतलं.

उशीर झाला, मालक. नमस्कार करते.