अल्पिनच्या मुलाची आई

शिवशरण केमचा, घरी मराठीच. बायको दाक्षायणी वळसंगची. तिला स्वप्नंही कानडीत पडायची. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात काविळीनं ती गेली. विधी उरकले आणि शिवशरण सोलापुरातल्या कॉलेजात तासाला उभा राहिला.

तो इतिहास शिकवायचा. स्कॉटलंडच्या पहिल्या राजघराण्यावर त्याचा प्रबंध कित्येक वर्षं रखडला होता. अल्पिनचा मुलगा केनेथ नवव्या शतकात पिक्ट लोकांचा राजा झाला. नंतरच्या वंशावळकारांनी त्याला पश्चिमेकडच्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या गेल लोकांच्या पूर्वजांशी नेऊन जोडलं. तो मुळात गेल की पिक्ट, यावर अजून वाद आहे. पिक्टांची भाषा मात्र काही पिढ्यांत बुडाली.

तांदूळ निवडताना दाक्षायणीनं एकदा विचारलं होतं, "त्याची आई घरात काय बोलायची?"

आईचं नावही कुठं मिळत नाही, असं तो म्हणाला होता. ती हसली होती.

विधींनंतरच्या त्या तासाला त्यानं वर्गात सगळं क्रमानं सांगितलं. पोरांनी उतरवून घेतलं. आपल्याला आत काहीच होत नाहीये, हे त्याला घंटा झाल्यावर जाणवलं.

घरी सासू चंद्रव्वा तीन वर्षांच्या नीलाला भरवत होती. नीला तिच्याशी कानडीत बडबडायची, बापापुढं गप्प व्हायची. चंद्रव्वानं पोरीला वळसंगला न्यायचा विषय काढला.

"तितं तिच्याशी बोलनारी मानसं हायत. हितं कोन हाय?"

"न्या," शिवशरण म्हणाला. दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं, तसं. चंद्रव्वानं पोरीचे कपडे गोळा केले.

एस.टी.च्या खिडकीतून नीलानं विचारलं, "अप्पा, नी बरंगिल्ल?"

तू येणार नाहीस का, एवढं त्याला कळलं. उत्तर कानडीत जुळेना.

"रविवारी येतो."

पोरगी आजीकडं वळली, याचा अर्थ विचारायला. गाडी सुटली. स्टँडावर त्यानं चहा घेतला, तो निम्मा तसाच ठेवून घरी आला.

रविवारी तो गेला. पुढच्याही. पडवीत बसून राहायचा. ये, जेव, झोप, इतकंच कानडी त्याला बोलता येई. चुकला की नीला दुरुस्त करी. त्याचं हे येणं बघून पुढच्या जूनमध्ये चंद्रव्वा स्वतःच पोरीला घेऊन सोलापूरला राहायला आली. प्रबंध पुरा झाला नाही. त्याला त्याचं वाईटही वाटलं नाही.

एका संध्याकाळी नीलानं त्याला शेळीची लांबलचक गोष्ट कानडीत सांगितली. ती झोपल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपल्याला एकही शब्द अडला नव्हता. तो उठला, दार लावलं आणि अंथरुणावर पडला.